कॉलेजची फी आणि महाडीबीटी: दाखल्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरायला तासभर पुरतो. त्या तासाभरासाठी लागणारे कागद जमवायला मात्र दीड-दोन महिने जातात, आणि बहुतेक मुलांची शिष्यवृत्ती अडकते ती या कागदांतच. मार्क कमी पडले म्हणून फीमाफी हुकलेली मुलं मला फारशी भेटली नाहीत. आधारवर आडनाव वेगळं, उत्पन्नाचा दाखला जुना, खातं आधारला जोडलेलं नाही, अशा कारणांनी हुकलेली मात्र दर वर्षी भेटतात. म्हणून या लेखात पोर्टलवरच्या बटणांपेक्षा पोर्टल उघडण्याआधीच्या कामांवर जास्त भर आहे.

बारावीचा निकाल लागायची वाट पाहू नका. परीक्षा संपली की सुट्टीतच कामाला लागा. जूनमध्ये प्रवेशाची आणि दाखल्यांची गर्दी एकाच वेळी होते, आणि मग सेतू केंद्राबाहेर ऊन खात उभं राहावं लागतं.

आधी तुमची योजना कोणती ते ठरवा

पोर्टलवर योजनांची यादी लांबलचक आहे, पण तुमच्या कामाच्या त्यातल्या एक-दोनच असतात. प्रवर्ग आणि घरचं वार्षिक उत्पन्न या दोन गोष्टींवरून त्या ठरतात.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या घरचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. यात फी तर मिळतेच, वर निर्वाह भत्ताही मिळतो. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमांना वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये. साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीला हेच आकडे ६,००० आणि ३,००० आहेत. दिव्यांग विद्यार्थ्याला १० टक्के जादा. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं तर भत्ता नाही, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची योजना आहे; तिला सगळे फ्रीशिप म्हणतात. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती याच धर्तीवर आहे.

ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि एसबीसीच्या (विशेष मागास प्रवर्ग) योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे आहेत. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी शिष्यवृत्ती आणि त्यावरच्यांसाठी ८ लाखांच्या मर्यादेत फ्रीशिप, अशी त्यांची मांडणी. इथे नॉन क्रीमी लेअरशिवाय, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्याशिवाय, पान हलत नाही.

खुल्या प्रवर्गातल्या आणि एसईबीसीच्या (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. लोकांच्या तोंडी तिचं नाव अजून ईबीसीच आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि मुलांना शिक्षण शुल्काची व परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते.

मुलींचं वेगळं आहे, आणि हे अजून अनेक घरांत नीट पोचलेलं नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्म्याऐवजी पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं. मात्र त्याला अटी आहेत. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला किंवा संस्था स्तरावरचा प्रवेश चालत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत. मोठ्या फलकांवर ‘युनिव्हर्सिटी’ लिहिलेल्या संस्थेत लेकीचा प्रवेश घेण्याआधी ही संस्था या योजनेत बसते का, ते तिथल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारा, जमलं तर लेखी घ्या. समुपदेशनाच्या टेबलावरचा माणूस ‘होईल सगळं’ म्हणतोच. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर कॉलेज उरलेल्या जागा स्वतः भरतं, तेव्हाही हाच प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचा.

आणखी एक, ‘पूर्ण फी माफ’ याचा अर्थ शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, बस, मेस, वसतिगृह, अनामत रक्कम हे सगळं उरतंच. फीच्या पावतीत शिक्षण शुल्काचा आकडा वेगळा दाखवलेला आहे का, ते पाहून घ्या.

मराठा विद्यार्थ्यांपैकी काहींकडे आता कुणबी दाखला आहे, काहींकडे एसईबीसीचा. प्रवेशाच्या वेळी जो प्रवर्ग लावला असेल तोच शिष्यवृत्तीलाही लावा. प्रवेश एका प्रवर्गात आणि अर्ज दुसऱ्यात असला की तपासणीत तो हमखास अडतो.

राहण्या-जेवणाचा खर्च

गावाकडून पुण्या-नागपुरात शिकायला आलेल्या पोराचं गणित फीपेक्षा खोलीभाड्याने जास्त बिघडतं. शासकीय वसतिगृहाला अर्ज केला आणि नंबर लागला नाही, तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच पद्धतीच्या आहेत. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे; त्यात अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना जास्त रक्कम मिळते, म्हणून अल्पभूधारकाचा दाखला किंवा मजूर नोंदणीचं कार्ड घरी असेल तर ते शोधून ठेवा.

स्वाधार आणि तिच्या बहिणी मुख्यतः वसतिगृहाच्या प्रक्रियेला जोडलेल्या आहेत. त्यामुळे वसतिगृहाचा अर्जच केला नाही तर पुढचं दार उघडत नाही. ‘नंबर लागणारच नाही’ म्हणून अर्ज टाळणारी मुलं इथेच फसतात.

केंद्राच्या दोन योजना

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या दोन योजना महाराष्ट्रातल्या मुलांनी जरूर पाहाव्यात. एक, बारावीला आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये आलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी: पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये, पदव्युत्तरला २०,०००. दुसरी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्रगती शिष्यवृत्ती: तांत्रिक पदवी किंवा पदविकेला असलेल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांगांसाठी तशीच सक्षम नावाची योजना आहे.

साधारणपणे एका वर्षी एकच शिष्यवृत्ती घेता येते. तेव्हा कागद-पेन घेऊन बसा. खासगी कॉलेजात शिक्षण शुल्क लाखभर असेल आणि राज्य ते पूर्ण भरत असेल, तर ५०,००० च्या मागे धावण्यात अर्थ नाही. सरकारी कॉलेजात फी कमी असेल तर उलट. हा हिशोब अर्जाआधी करायचा, कारण दोन्हीकडे अर्ज टाकून ‘जे येईल ते’ म्हणत बसलं की दोन्ही अर्ज अडकू शकतात.

कागद

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. आपले सरकार पोर्टलवरून स्वतः किंवा सेतू, महा-ई-सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. शेतकरी घरांना तलाठ्याचा उत्पन्न अहवाल आणि नोकरदारांना फॉर्म १६ लागतो. दाखल्याला १५ दिवस धरून चाला. तो एका वर्षाचा हवा की तीन वर्षांचा, हे सेतूवाल्याला आधीच सांगा, आणि हातात पडल्यावर तीन गोष्टी पाहा: वर्ष कोणतं, मुदत कधी संपते, बारकोड नीट छापलाय का. महाडीबीटी हा बारकोड क्रमांक टाकून दाखला स्वतःच पडताळतं. तो पडताळला गेला तर काम सोपं. नाही तर दाखला अपलोड करून माणसाने तपासायची वाट पाहावी लागते. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी लागणारा ५०० रुपयांचा मुद्रांक सरकारने २०२५ मध्ये माफ केला आहे, तरीही काही ठिकाणी तो मागितला जातो. मागितला तर शांतपणे ‘नियम दाखवा’ म्हणा.

जातीचा दाखला बहुतेकांकडे असतो, अडतं ते व्हॅलिडिटीवर, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्रावर. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणार असाल तर जात वैधतेचा प्रस्ताव अकरावी-बारावीतच, कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे टाका. जुन्या नोंदी शोधणं, आजोबांच्या शाळेतला दाखला मिळवणं, वंशावळ जुळवणं, याला वेळ लागतो आणि या कामाला कुणी घाई करू शकत नाही. वडिलांच्या, काकांच्या किंवा आत्याच्या नावे व्हॅलिडिटी आधीच निघाली असेल तर ती सोबत जोडा. काम बरंच हलकं होतं.

बाकी यादी अशी: वय-अधिवास प्रमाणपत्र, नॉन क्रीमी लेअर (लागू असेल तर), दहावी-बारावीच्या आणि मागच्या वर्षाच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, रेशन कार्ड, कुटुंबातल्या लाभार्थी अपत्यांबद्दलचं घोषणापत्र (शाहू महाराज योजनेचा लाभ एका घरात दोनच मुलांना मिळतो), वसतिगृहात राहत असाल तर तिथलं प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा होतो तो लवकर परत मिळत नाही, म्हणून जमा करण्याआधी स्कॅन करून ठेवा. प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत बसवायची असते. मोबाइलवरून काढताना कागद सपाट ठेवा, उजेड वरून घ्या आणि शिक्का व बारकोड वाचता येतायत का, ते मोठं करून बघा. पुसट स्कॅन हे अर्ज परत येण्याचं सगळ्यात फालतू कारण, आणि सगळ्यात नेहमीचंही.

नाव एकच असू द्या

दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘जाधव रोहन संतोष’, आधारवर ‘रोहन संतोषराव जाधव’, बँकेत ‘आर. एस. जाधव’. आपल्याला तिन्ही एकच माणूस वाटतो, संगणकाला वाटत नाही. महाडीबीटी नाव आधारवरून उचलतं, म्हणून आधार गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. उलट करायला जाऊ नका. बोर्डाकडून गुणपत्रिका दुरुस्त करून आणणं हे फार लांबचं काम आहे. आधारचं नाव बदललं की ते बँकेतही बदलून घ्या. जन्मतारखेचंही असंच.

खातं: जोडलेलं वेगळं, मॅप झालेलं वेगळं

बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं, असा समज आहे. झेरॉक्सवरून केवायसी होतं. सरकारी पैसे येण्यासाठी आधार क्रमांक एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळ) नोंदीत एका बँकेला मॅप झालेला, म्हणजे जोडलेला, असावा लागतो, आणि एका वेळी एकच बँक मॅप राहते. तुम्ही अर्जात कोणतंही खातं डोळ्यांसमोर ठेवलं असलं तरी पैसे त्या मॅप झालेल्या बँकेत जातात. मध्यंतरी गावात कॅम्प लागला, अंगठा लावून नवीन खातं उघडलं आणि मॅपिंग तिकडे सरकलं, असं सर्रास होतं. मग विद्यार्थी जुन्या पासबुकात एंट्री मारत राहतो, आणि पैसे भलत्याच खात्यात पडून असतात.

आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे हे मॅपिंग कुठे आहे ते, पाहा. तिथे बँकेचं नाव आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ असं दिसलं पाहिजे. नसेल तर बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग, डीबीटीसाठी’ असा अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळेत असताना उघडलेलं अज्ञान (अल्पवयीनाचं) खातं असेल तर तेही बदलून घ्या. अशा खात्यांना रकमेची मर्यादा असते आणि मोठी रक्कम परत फिरू शकते. वर्ष-दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातंही बंद पडलेलं असतं. शंभर रुपये भरून, केवायसी करून ते जागं करा.

नोंदणी आणि प्रोफाइल

नवीन अर्जदार नोंदणीत मोबाइल आणि ईमेल स्वतःचा द्या. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकला की पुढची तीन-चार वर्षं प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं, आणि दुकान बंद झालं की खेळ खलास. यूजरनेम, पासवर्ड कागदपत्रांच्या फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

आधार ओटीपीने पडताळणी झाली की प्रोफाइल. वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती हे सोपं आहे. चुका होतात त्या सध्याच्या अभ्यासक्रमाच्या पानावर. कॉलेजचं नाव निवडताना एकाच संस्थेची दोन-तीन नावं दिसतात (डिप्लोमा वेगळं, डिग्री वेगळं). अलॉटमेंट लेटरवरचा कोड जुळवून घ्या. प्रवेशाचं वर्ष आणि आता शिकतोय ते वर्ष, हे दोन रकाने वेगळे आहेत. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या डिप्लोमावाल्यांनी तर ते दोनदा वाचावेत. कॅपमधून प्रवेश झाला का, या प्रश्नाला चुकून ‘नाही’ गेलं की तुमची योजना यादीतच दिसत नाही, आणि मुलं ‘साइट बिघडलीय’ म्हणत बसतात. शैक्षणिक पात्रतेत दहावी, बारावी आणि मागची सगळी वर्षं क्रमाने भरा. मधलं रिकामं राहिलं तर सिस्टीम त्याला गॅप समजते.

शेवटच्या आठवड्यात साइट रांगते. त्या आधी भरा, आणि भरायचंच असेल तर रात्री उशिरा किंवा पहाटे बसा.

अर्ज भरताना एक बटण टाळा

पोर्टलवर ‘राइट टू गिव्ह अप’ असा पर्याय आहे. त्याचा अर्थ: मला ही शिष्यवृत्ती नको, मी हक्क सोडतो. घाईघाईत पुढे-पुढे दाबत जाणारी मुलं दर वर्षी हे बटण दाबून बसतात, आणि ते मागे घ्यायला पुन्हा कॉलेजच्या लॉगिनमधून हालचाल करावी लागते. झालंच असेल तर त्याच दिवशी कॉलेजच्या क्लार्ककडे लेखी अर्ज द्या.

अर्ज सादर झाल्यावर अर्ज क्रमांक मिळतो. त्याची प्रिंट काढा, कागदपत्रांच्या छायाप्रतींसह कॉलेजात द्या आणि पोच घ्या. ऑनलाइन गेलं म्हणजे संपलं, असं इथे होत नाही.

अर्ज कुठे थांबतो

तुमच्याकडून अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनमध्ये, तिथून संबंधित विभागाकडे: समाजकल्याणचे सहायक आयुक्त, आदिवासी प्रकल्प कार्यालय किंवा उच्च व तंत्रशिक्षणाचे विभागीय सहसंचालक. पोर्टलवरच्या ‘माझे अर्ज’ या पानावर तो कोणत्या टेबलावर आहे ते दिसतं. दर आठवड्याला पाहा. क्लार्कच्या टेबलावर महिनाभर पडून असेल तर त्याला जाऊन भेटा. त्याच्याकडे एकट्याकडे शेकडो अर्ज असतात, आणि समोर येऊन उभ्या राहिलेल्या मुलाचा अर्ज आधी उघडला जातो, हे न्याय्य नसलं तरी खरं आहे.

‘सेंड बॅक’ आला म्हणजे नामंजूर झाला असं नाही. शेरा वाचा, तेवढीच दुरुस्ती करा, पुन्हा सादर करा. याला ठरावीक मुदत असते. एसएमएसच्या भरवशावर राहू नका, तो येतोच असं नाही.

पैसे आल्यावर

रक्कम सहसा दोन हप्त्यांत येते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो, फीच्या रकमेसकट, आणि कॉलेजचा वाटा ७ दिवसांत कॉलेजात भरायचा असतो. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरात इतर गरजाही दिसायला लागतात. भत्ता तुमचा, फी कॉलेजची. पावती घ्या आणि जपून ठेवा, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला हीच पावती मागितली जाते. इतर योजनांत फीचा भाग कुणाच्या खात्यात येणार, ते प्रवेशाच्या वेळीच कॉलेजात विचारून घ्या.

प्रवेशावेळी कॉलेजने पूर्ण फी मागितली, तुम्ही योजनेला पात्र असूनही, तर तोंडी वाद घालू नका. शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि ऐकलं नाही तर तीच प्रत विभागीय सहसंचालक किंवा समाजकल्याण कार्यालयात. पोच असलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. तरीही हललं नाही तर आपले सरकारवरची तक्रार आणि १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज हे दोन मार्ग उरतातच.

दुसऱ्या वर्षापासून

शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की कोर्सभर आपोआप मिळते, असं नाही. दर वर्षी त्याच लॉगिनमधून नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. पासवर्ड विसरला म्हणून नवीन खातं काढू नका. एका आधारवर दोन खाती झाली की दोन्ही अडकतात. हजेरीवर लक्ष ठेवा, शाहू महाराज योजनेत मागच्या सत्राची किमान ५० टक्के उपस्थिती लागते. विद्यापीठाचा निकाल रखडला असेल तर अर्ज तसाच सोडून देऊ नका. कॉलेजात विचारून निकाल लागल्याबरोबर तो पूर्ण करा.

मागच्या वर्षीचा अर्ज सेंड बॅकमध्येच राहून गेला असेल तर तोही मेला असं समजू नका. अशा अर्जांच्या दुरुस्तीसाठी विभाग अनेकदा पोर्टल काही दिवसांसाठी पुन्हा उघडतात. नवीन वर्षाचा अर्ज भरायला लॉगिन कराल तेव्हा जुन्या वर्षाचा पर्याय निवडून तिथे दुरुस्तीचं बटण सुरू झालंय का, तेही पाहून घ्या.